अक्कानं साफ केलेली वेल

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असं कुणी विचारलं, तर मी सिंधूअक्काचं नाव घेतो. माझ्या भोपळ्याच्या वेलीचं वाटोळं कुणी केलं असं विचारलं, तरी एका सकाळी मी तिचंच नाव घेतलं होतं.

अक्का माझी थोरली बहीण. सातवीतून शाळा सोडून ती बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंगला जायला लागली आणि मी बी.एस्सी. होईपर्यंत जात राहिली. आमच्या जालना जिल्ह्यात हे काम कुणाला समजावून सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. संकरित बी करायचं तर मादी ओळीतल्या वेलींवरचं प्रत्येक नर फूल उमलायच्या आत खुडून टाकायचं. मादी फुलाला आदल्या संध्याकाळी कागदाची पिशवी चढवायची, म्हणजे मधमाशी आत शिरत नाही. सकाळी दुसऱ्या प्लॉटवरून डबीत भरून आलेल्या नर फुलांचा पराग त्याला लावायचा. अक्काच्या ओळीत एकही नर सापडत नसे. सुपरवायझर मुद्दाम शोधायचा आणि कंबर धरून परत जायचा. माझं कॉलेज, माझं वसतिगृह, माझी पहिली फुलपँट, सगळं त्या बोटांनी खुडून काढलेलं आहे. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. (दुसरा अजून झालेला नाही. माझ्याकडे बघून कुणाची हिंमत होत नसावी.)

सध्या मी जालना एमआयडीसीत एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत उगवण तपासतो. ओल्या कागदात बिया गुंडाळायच्या, आठव्या दिवशी कागद उलगडायचा, किती उगवल्या ते लिहायचं आणि उगवलेलं सगळं फेकून द्यायचं. माझ्या हातून आजवर पोत्यांनी बिया उगवल्या असतील, पण बोटापेक्षा मोठं झालेलं रोप मी नोकरीत पाहिलेलं नाही. अशा माणसानं महाकाय भोपळा लावायचं ठरवलं.

बियांचं पाकीट मी मागवलं होतं. पाच बिया. पाकिटावर एक गोरा माणूस भोपळ्याला टेकून उभा होता आणि भोपळा त्याच्या कमरेला लागत होता. मी कुंभार पिंपळगावजवळच्या आमच्या गावी गेलो आणि शेत बघणाऱ्या माझ्या थोरल्या भावाला, दादाला, विहिरीकडचा कोपरा मागितला.

"त्या कोपऱ्यात दरसाल मूग होतो," दादा म्हणाला.

"यंदा शंभर किलोचा भोपळा होईल."

"किती व्हतील आसे?"

"एक. बाकीचे खुडायचे असतात, म्हणजे सगळा जोर एकाला जातो."

दादानं मनात कोपरा मोजला. "एवढा कोपरा एका भोपळ्याला? मोठा झाल्यावर त्यो नौकरीला लागनार हाय का?"

तरी कोपरा त्यानं दिला. मी मग सगळ्या गावाला शंभर किलोचं सांगून टाकलं. (परीक्षेत भोपळा मिळण्यावरचा विनोद गावात सगळ्यांनी एकेकदा केला, सरपंचांनी दोनदा. आपण तो सोडून पुढे जाऊ.)

पाचातली एक बी जगली. दर शनिवारी मी मोटारसायकलवर सत्तर किलोमीटर येऊन तिच्यापाशी बसायचो. वेल अशी सुटली की पंधरा दिवसांत बांध ओलांडून गेली. मग फुलं आली. रोज दहा-बारा, पिवळीधमक, आणि सगळीच्या सगळी नर. भोपळ्याच्या मादी फुलाखाली सुपारीएवढी गोल गाठ असते, तोच पुढचा भोपळा. मी पालथा पडून एकेक पान वर करून ती गाठ शोधायचो.

"अंगद, काय हारपलं रं?" बांधावरून जाणाऱ्यानं विचारलं.

"मादी फूल शोधून राह्यलो."

तो दादाकडे वळून म्हणाला, "ह्याचं लगीन उरका बाबा जल्दी."

रोज संध्याकाळी मी अक्काला परतूरला फोन करायचो. तिचं सासर तिथलं. "अक्का, नुसते नर. वैताग आलाय. बिनकामाचे साले वेलीचा सगळा जोर खाऊन राह्यले."

"आसं का?" अक्का म्हणायची. "पंचमीला येती मी. बघती त्यांच्याकडं."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं.

पंचमीच्या आदल्या दिवशी अक्का माहेरी आली आणि त्याच दुपारी मला पहिली मादी कळी दिसली. खाली सुपारी होती, बराबर. मी अक्काला हाताला धरून कोपऱ्यात नेलं.

"परवा उमलणार," मी जाहीर केलं.

अक्का वाकली, कळीला हात न लावता बघितलं. "उद्या."

"अक्का, मी वाचलंय. परवा."

"बरं बाबा, परवा."

आता इथं मी जे बोललो ते कुणी माझ्या तोंडात घातलेलं नव्हतं. मी म्हणालो, "आलीच आहेस तर वेलीचं सगळं तुझ्या प्लॉटवर करायचीस तसं करून टाक. कंपनीसारखं काम पाहिजे, बिलकुल कसर नको." आणि मादी कळी आल्याची बातमी द्यायला मी पारावर निघून गेलो. तिथं माझं भाषण लांबलं.

संध्याकाळी माय तळायला बसली होती. पंचमीला आमच्याकडे चुलीवर कढई चढत नाही, विळीला कुणी हात लावत नाही. चिरायचं नाही, तोडायचं नाही, खणायचं नाही, नागोबाला इजा होते म्हणतात. म्हणून तळण आदल्या दिवशी उरकतात. ताटात गरम भजी पडली. वरून कुरकुरीत, आतून मऊ.

"कशाची गं माय?"

"फुलाची."

"पलीकडच्या सोजरकाकूच्या भोपळ्यावरची?"

"खा गुमान. सिंधूनं आनली."

मी चौदा खाल्ली. शेवटची दोन तर दादाच्या ताटातून उचलली.

सकाळी दिवस उगवायच्या सुमाराला अक्कानं मला हलवलं. "ऊठ. उमललं."

मी तसाच पळालो. माय आणि दादाही मागून आले. मादी फुलावर कागदाची पिशवी होती, देठाला लाल दोरा बांधलेला. संध्याकाळीच अक्कानं ती चढवली होती, एक माशी आत गेली नव्हती. पिशवी जराशी उचलून बघितलं तर आत फूल असं पसरलेलं, जणू पितळेची वाटी. इतके शनिवार पोटावर सरपटल्याचं चीज झालं. 

अक्कानं तळहात पुढे केला. "आन."

"काय आणू?"

"नर. डबी आन जल्दी. नऊच्या पुढं फूल मिटतं."

"कसली डबी? नर तर वेलीवर आहेत."

"वेलीवरचे म्या काल काढले."

"सगळे?"

"एक ठिवला न्हाई," अक्का म्हणाली, आणि तिच्या आवाजात तोच जुना, सुपरवायझरला रिकाम्या हातानं परत लावणारा अभिमान होता. "काडीच्या गुलाएवढी कळी बी ठिवली न्हाई. बघ कुठं सापडती का."

मी बघितलं. वेल पुसून ठेवल्यासारखी हिरवीगार होती. "काढून टाकलेस कुठं?"

अक्कानं माझ्या पोटाकडे बघितलं.

मला चौदाच्या चौदा भजी आठवली.

"आरं, मला वाटलं नराची ओळ तू दुसरीकडं लावली आसंल," अक्का म्हणाली. "आमच्याकडं नर आननारी टोळीच येगळी आसती. सकाळी डबीतच येत्यात. तू तर कंपनीत हाईस, मंग म्या कशाला इचारू?"

तिचं म्हणणं रास्त होतं. तिनं वीस वर्षांत ज्या कामात एक चूक केली नव्हती तेच काम, तिला सांगितलं होतं तसंच, एकही चूक न करता केलं होतं. एवढं समजायला बी.एस्सी. लागत नाही. मी मात्र बी.एस्सी. होतो. मी म्हणालो, "अडाणी ते अडाणीच!"

मायपुढे म्हणालो, दादापुढे म्हणालो. बांधावर पाण्याला जाणाऱ्या दोघी थांबल्या होत्या, त्यांच्यापुढेही म्हणालो.

 अक्कानं हात पदराला पुसले. "सोजरकाकूच्या गोठ्यावर भोपळ्याची गावरान वेल हाय," ती म्हणाली. "चल."

सोजरकाकू आमच्या पलीकडच्या शेतातल्या. गोठ्याच्या पत्र्यावर त्यांची वेल पसरलेली आणि वर दहा-पंधरा नर फुलं ऊन खात बसलेली. काकू दारातच होत्या.

"काकू, एक फूल द्या. नर फूल. तुम्हांला त्याचा काही उपयोग नाही."

"आज पंचमी हाय. आज पानाला नख लागू देनार न्हाई मी."

"पण काकू, बिनकामाचं फूल आहे ते."

"बिनकामाचे नर माझ्या घरात बी दोन हायेत. म्हनून काय आज तोडून देऊ?"

मी त्यांना परागीभवन समजावून सांगायला लागलो. मी परागकोशापर्यंत पोचलो तेव्हा त्या म्हशीला पाणी दाखवायला आत निघून गेल्या होत्या. अक्का मागून म्हणाली, "काकू, तोडत न्हाई. नुसतं बोट लावून येती."

"बोट लाव की. बोटाला कुठं बंदी हाय?"

अक्का पंचमीच्या नव्या लुगड्यात होती, म्हणून मी म्हटलं, मी चढतो. गोठ्याला लागून कडब्याची गंजी होती. तिच्यावर मी दोन पावलं चढलो. तिसऱ्या पावलाला गंजी माझ्यासकट निघाली आणि आम्ही दोघं शेणाच्या ढिगात जाऊन थांबलो. म्हशीनं मान वळवून बघितलं. तिनं रवंथ थांबवला, हे मला जास्त लागलं. अक्कानं लुगड्याचा काष्टा खोचला, बैलगाडीच्या चाकावर एक पाय, साटीच्या फळीवर दुसरा, आणि ती वर. एक फूल निवडून तिनं उजव्या हाताचं पहिलं बोट आत फिरवलं. बोटाचं टोक हळद लागल्यासारखं पिवळं झालं. ते वर धरून, डाव्या हाताचा आडोसा करून ती खाली उतरली आणि पळत सुटली. मागं मी, शेणासकट.

वाटेत लिंबाच्या झाडाला झोका बांधला होता. बायका जमलेल्या.

"काय गं सिंधू, बोटाला काय झालं?"

अक्का बोलेना. तोंड उघडलं की श्वासानं पराग उडेल. तेव्हा मीच ओरडलो, "काही नाही, काही नाही!" गावात घाईनं दोनदा काही नाही म्हटलं की काहीतरी फार मोठं असतं.

"इच्चू चावला वाटतं."

"आज पंचमी हाय बाई. इच्चू नसंल, दुसरंच आसंल."

झोका रिकामा झाला. एकीनं विष उतरवायला चालता चालता मीठ घेतलं, एकीनं कांदा, आणि एक म्हातारी पदरातल्या लाह्या सांडत, नागोबाची माफी मागत मागं लागली. कोपऱ्यात पोचेपर्यंत आमच्या मागं आठजणी होत्या.

वेलीपाशी माय राखण करत होती. अक्काचं ताठ बोट बघून तिनं दोन्ही हात आडवे केले. "बोट दावू नको! कवळ्या भोपळ्याला बोट दावलं की सडतो. मोडून धर."

"माय, टोकाला पराग हाय."

"मंग दुसऱ्या कशानं लाव."

"आता दुसऱ्या कशावर घेऊ? सांडंल सगळा."

 फुलाच्या कडा आत वळायला लागल्या होत्या. मी शास्त्राच्या बाजूनं बोलायला तोंड उघडलं, तर माय म्हणाली, "तू शेन पूस आधी." मग तिनंच तोड काढली. डोक्यावरचा पदर काढून तिनं दोन्ही हातांनी फुलासमोर आडवा धरला, म्हणजे बोट फुलाला लागेल पण दिसणार नाही. अक्कानं पदराखालून हात घातला, पिशवी काढली आणि बोट आत फिरवलं, अगदी अलगद, काजळ घालावं तसं.

मीठ-कांदा घेऊन आलेल्या बायकांना काय चाललंय ते कळेना. त्यांना दिसलं ते एवढंच: मध्ये आडवा धरलेला कपडा, पलीकडे नवरीसारखं झाकलेलं कुणीतरी, आणि पिवळं बोट. म्हातारीनं सवयीनं मूठभर लाह्या टाकल्या. मग सगळ्यांनीच टाकल्या. दादानं सुद्धा टाकल्या. भोपळ्याच्या लग्नाला वऱ्हाड जमलं, आणि शेणानं माखलेला मी वरबाप म्हणून शोभत होतो.

अक्कानं पुन्हा पिशवी चढवली, दोरा बांधला. मी म्हटलं, "भारी काम केलंस, अक्का."

ती मायला म्हणाली, "माझी कपड्यांची पिशवी कुठं ठिवली गं?"

दर पंचमीला पाच दिवस राहणारी अक्का दुसऱ्या सकाळी निघाली. दादाला म्हणाली, "परतूरच्या गाडीला सोड मला."

"मी सोडतो की," मी म्हटलं.

"नगं. तू शिकलेला मानूस. तुझा टाइम जाईल."

भोपळा धरला. रोज जरा जरा फुगायला लागला, पण अक्का फोनवर येईना. दाजी उचलायचे. अत्यंत खरं बोलणारा माणूस.

"सिंधू कामात हाय."

"काय काम चाललंय?"

"बसली हाय," दाजी म्हणायचे.

इकडे वेलीवर आणखी मादी फुलं आली. मी ठरवलं, आता आपल्या हातानं. रजा काढली, पुस्तक उघडं ठेवलं, मऊ कुंचला आणला. नवीन नर फुलं भरपूर होती, भज्यांना बंदी केली होती. एक मादी धरली नाही. दुसरी धरली नाही. अशा पाच झाल्या. प्रत्येक वेळी चौथ्या दिवशी सुपारी पिवळी पडायची आणि माझ्या हातात गळून यायची. पाऊस, उष्णता, बुरशी अशी कारणं मी दादाला सांगितली. दादा म्हणाला, "सिंधूच्या टायमाला पाऊस येगळा व्हता का?"

दसऱ्यानंतर वेल वाळली तेव्हा आम्ही अक्काचा भोपळा कापसाच्या काट्यावर चढवला. चौघांनी उचलला. सगळं गाव बघायला होतं. अडतीस किलो.

"शंभर म्हनला व्हतास," दादा म्हणाला.

"कुंभार पिंपळगावच्या बाजारात एवढा लाल भोपळा कुणी आणला असेल तर समोर यावं," मी म्हणालो. कुणी आलं नाही. हसले मात्र सगळे. हसोत. पाकिटावरच्या माणसाला मराठवाड्याचं ऊन ठाऊक नव्हतं आणि सोजरकाकूही ठाऊक नव्हत्या. माझ्या अडतीस किलोंची मला तिळमात्र लाज नाही.

"बरं, आता कोपरा सोड. ज्वारी पेरायची हाय."

"सोडणार नाही. पुढच्या मिरगाला पुन्हा लावणार."

"मंग ह्यो फोडू तरी दे. घरोघर फोड देऊ." आमच्याकडे अख्ख्या भोपळ्याला पहिला वार पुरुषानं करायचा असतो, म्हणून दादा कोयता घेऊन आला. मी भोपळ्यावर बसलो. बी.एस्सी., वय एकोणतीस, सगळ्या गावासमोर भोपळ्यावर मांडी घालून बसलो.

"अक्का आल्याशिवाय फोडायचा नाही."

तेव्हा माय म्हणाली, "सिंधू भाऊबीजेला येत न्हाई म्हनती."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी खाली उतरलो.

"फोन घेत न्हाई तर चिठ्ठी लिव्ह," माय म्हणाली. "तिनं तुला शिकवलं कशाला?"

त्या दुपारी मी लिहिलेली चिठ्ठी इथं जशीच्या तशी देतो.

तीर्थरूप अक्कास,

अंगदचा साष्टांग नमस्कार. ही चिठ्ठी दाजींना वाचायला देऊ नकोस. तू स्वतः वाच.

मी तुला सगळ्यांपुढे अडाणी म्हणालो. तो शब्द चुकून तोंडातून गेला असं लिहिणार नाही, कारण ते खोटं आहे. त्या वेळी मला तसंच वाटलं होतं. कंपनीसारखं कर असं मी म्हणालो आणि तू कंपनीसारखं केलंस. नर कुठून आणायचा याचा विचार मी करायला हवा होता. मी तो न करता चौदा भजी खाल्ली. हे मी पारावर उभं राहून सगळ्यांना सांगितलं आहे. खरं-खोटं मायला विचार.

माफी मागत नाही. मागितली की तू "जाऊ दे रे" म्हणशील आणि मी सुटेन. मला इतकं स्वस्तात सुटायचं नाही.

तू गेल्यावर पाच मादी फुलं उमलली. मी स्वतः पराग लावला, पुस्तकात सांगितलेल्या वेळेला. पाचही गळाली. तुझा एक राहिला. वजन अडतीस किलो. दादा हसतो, पण मी कोपरा सोडलेला नाही आणि सोडणारही नाही. पुढच्या वर्षी तिथं वेल लागेल, आणि तिथली सुपरवायझर तू असशील. मजुराच्या जागेसाठी माझा अर्ज सोबत देतो.

नाव : अंगद.

शिक्षण : बी.एस्सी. (तूच केलं आहेस, तपासायची गरज नाही.)

अनुभव : पाच फुलं. निकाल वर दिला आहे.

वाईट सवयी : न विचारता बोलतो. विचारायचं ते विचारत नाही.

कामावर घ्यायचं असेल तर भाऊबीजेला ये आणि तसं सांग. घ्यायचं नसेल, तरी ये. मजुराला कामावरून काढायचं झालं तरी सुपरवायझरला प्लॉटवर यावंच लागतं.

तुझा,
अंगद